कडी आणि फासा

इब्रीच्या प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर
चौदा काळे भुंगेरे, टाचणीवर.
एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

डॉक्टर शम्साबाई म्हणतात,
पाठ बघू नका, पाय बघू नका,
वाळूनं घासून सगळ्यांचं सारखंच होतं.
आत बघा.

मग कोमट पाण्यात तासभर भिजवायचा,
मागच्या टोकातून वाकड्या सुईनं हळूच ओढायचं ते,
आता त्याला काय म्हणायचं?
शाळेत कांबळे गुरुजी फळ्यावर लिहायचे, लिंग ओळखा,
आणि मागच्या बाकावर खसखस पिकायची.
चाळीस वर्षांनी मी तोच धडा गिरवतोय,
पगारी.

केसापेक्षा थोडी जाड, मधाच्या रंगाची नळी.
रात्रभर कॉस्टिकच्या पाण्यात ठेवली
की सकाळी मांस विरघळून नुसता आकार उरतो.
ग्लिसरिनच्या थेंबात त्याला उताणा करा, कुशीवर करा,
पुन्हा उताणा. मग चित्र काढा.

मी हुपरीचा. बावीस वर्षं पैंजणांचे फासे वळले.
दुबईच्या दुकानात आणलं, ते दुकान मशीनवर गेलं,
डोळे आणि बोटं तेवढी शिल्लक राहिली,
ती शम्साबाईंनी ठेवून घेतली.
जीव मी मारत नाही. ते मेलेलेच येतात,
डबीतून, स्पिरिटच्या वासात.
तरी सूर्य बुडायच्या आत जेवायला बसताना
हात दोनदा धुतो.

मागच्या महिन्यात उसनी पेटी आली,
कॅरिबियन का कुठली ती बेटं.
तिथलेही काळेच, काजळीत लोळल्यासारखे.
एका बेटाला एक नाव, असा कुणीतरी घातलेला जुना हिशोब.
आत बघितलं तर एकाच बेटावर तीन जाती
आणि दोन बेटांत मिळून एकच.
समुद्राला विचारून कोण वेगळं होतं?

आमच्या कोरड्या ओढ्यातही, इथं त्याला वादी म्हणतात,
तसंच निघालं.
अलीकडच्या काठाचा नववा भुंगेरा:
नळीच्या टोकाला, डावीकडे, बारीक आकडा.
पलीकडच्या आठांना नव्हता.
चष्मा पुसला. दिवा फिरवला.
दहावा. आकडा.
अकरावा. आकडा.
बाईंना हाक मारायला उठलो तर गुडघा टेबलाला थडकला
आणि बारावा जमिनीवर.
(तो सापडला. एक पाय नाही सापडला.)

बाई बराच वेळ डोळा लावून बसल्या.
अरबीत काहीतरी पुटपुटल्या,
मग मोडक्या हिंदीत, "मगदूम, शाबाश,"
आणि चहा मागवला, दोन साखरेचा,
मी बिनसाखरेचा घेतो हे विसरून.

रात्री त्रिशलाला फोन.
ती घरी अजून साखळ्या जोडते,
फुंकणीनं डाग देते, गाल तसेच फुगत असतील.
तिला किडे मोजतो एवढंच सांगितलं होतं.
आज सगळं सांगितलं, नावासकट.
आधी हसली, पदर तोंडाला लावल्यासारखी.
मग तिच्यातली कारागीर बोलली:
"एवढा वाकडा फासा?
मग कडी कशी आहे त्याची?"

मला काही सुचेना.

"अहो, फासा किती वळायचा ते कडी सांगते.
बावीस वर्षं मी कडी देत होते, तुम्ही वळत होता.
विसरला?"

सकाळी खालचा खण ओढला. गंज धरलेला, दोनदा अडकला.
एकशे सहा भुंगेरे.
प्रत्येकाखाली चिठ्ठी, कुठल्याशा जुन्या साहेबाच्या
तिरक्या अक्षरात:
मादी. ओळख नाही.
मादी. ओळख नाही.

बाई अजून आल्या नव्हत्या.
मी पाणी कोमट करायला ठेवलं.